कितींपैकी किती?

(ब्रिटनमधल्या मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते साठच्या दशकात भारतातून एनएचएस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत आलेल्या पिढीचे. त्या पिढीतल्या अनेकांच्या वाट्याला लंडनची बडी रुग्णालयं आली नाहीत. वेल्समधली खाणकामगारांची गावं आणि लँकेशरमधली गिरण्यांची शहरं आली, आणि तिथे त्यांनी जनरल प्रॅक्टिस केली. वर्षानुवर्षं एकाच वस्तीतली माणसं तपासणाऱ्या डॉक्टरला एक गोष्ट अनुभवाने कळते. दुखतंय म्हणून आलेला रोगी आणि आपण बोलावून आणलेला धडधाकट माणूस, या दोघांची तपासणी एकच केली तरी तिच्या निकालाचा अर्थ एक नसतो. आज मी जे बोलणार आहे ते एवढ्याच गोष्टीभोवती आहे.

धडधाकट माणसाला बोलावणं

१९५७ च्या मार्च-एप्रिलमध्ये ग्लासगो शहराने क्षयरोगाविरुद्ध मोहीम काढली. पाच आठवड्यांत सात लाखांहून जास्त लोकांच्या छातीचे एक्स-रे काढले गेले. लोकांनी यावं म्हणून बिल्ले वाटले, बक्षिसं ठेवली. मोहीम गाजली आणि तिला कारणही होतं. क्षय तेव्हा घरोघरी होता आणि त्यावरची औषधं नुकतीच हाती आली होती. पुढे क्षय ओसरला तसा एकेक रोगी शोधायला कितीतरी जास्त एक्स-रे काढावे लागू लागले आणि एक्स-रेच्या फिरत्या गाड्या हळूहळू बंद झाल्या. यंत्र बिघडलं नव्हतं, तंत्रज्ञांचा हात बसलेलाच होता. रोग विरळ झाला होता.

त्याच सुमारास वेल्सच्या ऱ्होंडा फाख खोऱ्यात आर्ची कॉक्रन हे डॉक्टर खाणकामगारांच्या छातीचे एक्स-रे वाचत होते. दोन अनुभवी डॉक्टर एकाच फिल्मवर वेगवेगळं मत देतात, आणि तोच डॉक्टर दुसऱ्यांदा पाहताना स्वतःचंही मत बदलतो, हा प्रश्न त्यांनी गांभीर्याने घेतला. १९७१ मध्ये कॉक्रन आणि वॉल्टर हॉलंड यांनी चाळणी तपासण्यांबद्दल, म्हणजे स्क्रीनिंगबद्दल, एक नैतिक भेद मांडला. रोगी आपणहून येतो तेव्हा डॉक्टर आहे त्या ज्ञानावर शक्य ते करतो. पण ज्याची काही तक्रार नाही अशा माणसाला पत्र पाठवून बोलावलं, तर आपल्या तपासणीने त्याचं भलं होतं याचा पुरावा आधी हातात पाहिजे.

त्याआधी १९६८ मध्ये ब्रिटिश आरोग्य मंत्रालयातले मॅक्स विल्सन आणि स्वीडनचे गुन्नर युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी दहा निकष लिहिले होते. रोग महत्त्वाचा हवा, त्याचा लक्षणं नसलेला टप्पा ओळखता यायला हवा, उपचार उपलब्ध हवा, तपासणी लोकांना चालण्याजोगी हवी, असे ते निकष. १९९६ पासून या देशात राष्ट्रीय स्क्रीनिंग समिती आहे. कोणती तपासणी सगळ्यांना द्यायची आणि कोणती नाही याचा सल्ला ती सरकारला देते. तिचे कार्यक्रम संचालक म्युर ग्रे स्पष्ट सांगत असत की प्रत्येक स्क्रीनिंग कार्यक्रमाने काही ना काही नुकसान होतंच, काहींनी फायदाही होतो, आणि त्यातल्याही थोड्यांचाच फायदा नुकसानापेक्षा जास्त भरतो.

लिव्हरपूलचा तक्ता

आता आकड्यांकडे वळू. २०२० च्या नोव्हेंबरात लिव्हरपूलमध्ये कोविडची सार्वत्रिक चाचणी सुरू झाली आणि मदतीला लष्कराचे जवान आले. लक्षणं नसलेल्यांनाही बोलावलं होतं. नाकात काडी फिरवायची, द्रावणात बुडवायची, थेंब पट्टीवर टाकायचे आणि अर्ध्या तासात रेघ येते का ते पाहायचं. हे आपण सगळ्यांनीच पुढे स्वयंपाकघराच्या ओट्यावर केलं आहे. तिथे काही लोकांची पट्टी आणि प्रयोगशाळेतली पीसीआर, दोन्ही चाचण्या केल्या गेल्या. पीसीआर खरा मानून पट्टीची परीक्षा घेतली, आणि निकाल पुढच्या वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला.

एकूण ५,५०४ माणसं. पीसीआरप्रमाणे त्यांतल्या ७० जणांना लागण होती, ५,४३४ जणांना नव्हती. ७० पैकी २८ जणांना पट्टीने पकडलं, ४२ सुटले. लागण नसलेल्या ५,४३४ पैकी ५,४३१ जणांना तिने बरोबर निगेटिव्ह म्हटलं आणि तिघांना उगाच पॉझिटिव्ह ठरवलं.

संपूर्ण शास्त्र या चार आकड्यांत आहे. रोग असलेल्यांपैकी किती जणांना चाचणी पकडते, याला संवेदनशीलता म्हणतात. इथे ७० पैकी २८, म्हणजे ४० टक्के. रोग नसलेल्यांपैकी किती जणांना ती मोकळं सोडते, याला विशिष्टता म्हणतात. इथे ती ९९.९ टक्के. हे दोन्ही आकडे काढताना रोग आहे की नाही हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. घरी बसलेल्या माणसाला ते ठाऊक नसतं. त्याच्या हातात फक्त रेघ असते. त्याचा प्रश्न उलट दिशेने येतो: रेघ आली, तर मला खरंच लागण आहे का? याचं उत्तर पॉझिटिव्ह आलेल्यांमध्ये शोधावं लागतं. पॉझिटिव्ह आले एकूण ३१, त्यांतले खरे २८. म्हणजे ९० टक्के. रेघ आली तर विश्वास ठेवावा, हे ठीकच.

आणि रेघ आली नाही तर? निगेटिव्ह आले ५,४७३, त्यांतले खरोखर लागण नसलेले ५,४३१. टक्केवारी ९९.२. वर्तमानपत्रात हा आकडा झळकला असता तर वाचणारा निर्धास्त झाला असता. पण जरा थांबा. समजा, पट्टी पाण्यात फेकून दिली आणि आलेल्या प्रत्येकाला डोळे मिटून सांगितलं की तुम्हाला लागण नाही, तर ५,५०४ पैकी ५,४३४ वेळा आपण बरोबर ठरलो असतो. म्हणजे ९८.७ टक्के! ९९.२ टक्क्यांचा डौल किती पोकळ आहे ते यातून दिसतं. म्हणून कोणी नुसतंच ‘चाचणी ९९ टक्के अचूक आहे’ म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा, कितींपैकी किती? छेदात कोण उभं आहे ते कळल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नाही.

पट्टी निकामी होती असं मात्र नाही. ज्यांच्या अंगात विषाणू भरपूर होता त्यांच्यातल्या बहुतेकांना तिने पकडलं होतं. ‘आज माझ्यापासून आजोबांना धोका आहे का’ या प्रश्नाला ती बऱ्यापैकी उत्तर देत होती. ‘मला लागण मुळीच नाही ना’ या प्रश्नाला देत नव्हती. लोकांनी तिला दुसरा प्रश्न विचारला आणि निगेटिव्ह पट्टीच्या भरवशावर लग्नसमारंभाला गेले.

तीच चाचणी, वेगळी वस्ती

याच तक्त्याला आणखी एक धक्का देऊन पाहू. लिव्हरपूलमध्ये साथ दहापट ओसरली असं धरा. आता ५,५०४ माणसांत लागण झालेले ७० नाहीत, ७ आहेत. पट्टी तीच, म्हणून त्या सातांतले जेमतेम तीन सापडतील. निरोगी लोक आता जवळजवळ साडेपाच हजार, त्यांतले उगाच पॉझिटिव्ह ठरणारे तिघं तसेच राहतील. पॉझिटिव्ह सहा, खरे तीन. काल ज्या रेघेवर ९० टक्के भरवसा होता, तिच्यावर आज निम्माच उरला, आणि पट्टीत काडीचाही बदल झालेला नाही.

ठरावीक वेळी लोकसंख्येत किती जणांना रोग आहे, या प्रमाणाला साथरोगशास्त्रात व्याप्ती म्हणतात. ठरावीक काळात नवे किती जण आजारी पडले, हा वेगळा हिशेब, नव्या रुग्णांचा दर. मधुमेहात या दोहोंचा घोळ नेहमी होतो. मधुमेही पूर्वीपेक्षा जास्त वर्षं जगू लागले, तर नवे रुग्ण वाढले नाहीत तरी व्याप्ती वाढते. तेव्हा ‘मधुमेह वाढला’ या बातमीत चांगली बातमीही दडलेली असू शकते.

चाचणीच्या निकालाचा अर्थ लावताना व्याप्ती महत्त्वाची, आणि हा विचार जुना आहे. टनब्रिज वेल्सचे धर्मोपदेशक थॉमस बेझ १७६१ मध्ये वारले. त्यांचा निबंध त्यांचे मित्र रिचर्ड प्राइस यांनी १७६३ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आणला. नव्या पुराव्याचं वजन करताना आधी काय माहीत होतं ते विसरायचं नाही, असा त्यातल्या गणिताचा मथितार्थ. 

हे गणित एनएचएसच्या रोजच्या कारभारात आहे. गरोदर बाईला इथे सिकलसेल आणि थॅलॅसेमियाची तपासणी देऊ करतात. ज्या भागात या दोषांचं प्रमाण जास्त, तिथे सगळ्यांचीच तपासणी होते. जिथे कमी, तिथे एका प्रश्नावलीचा आधार घेतात, ज्यात आईचं आणि बाळाच्या वडिलांचं कुळमूळ कुठलं हे विचारलेलं असतं. आपल्यातल्या काहींना हा प्रश्न खटकतो, ‘आम्ही भारतीय म्हणून वेगळं वागवता का?’ असं वाटतं. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या लोकांना तो खटकू नये. पूर्व विदर्भात सिकलसेल किती घरांत आहे हे त्यांना ठाऊक आहे. वजनाचंही तसंच. दक्षिण आशियाई माणसाला मधुमेहाचा धोका कमी वजनातच सुरू होतो, म्हणून इथल्या नाइस या संस्थेच्या शिफारशीत आपल्यासाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर धरली आहे.

रेषा कोण ओढतं?

बहुतेक चाचण्यांचा निकाल मुळात हो-नाही असा नसतो. तो आकडा असतो आणि त्यावर माणूस रेषा ओढतो. चाळणीची भोकं बारीक ठेवली तर खडा सुटत नाही, पण धान्यही अडकतं. मोठी ठेवली तर धान्य झरझर खाली येतं आणि त्याबरोबर एखादा खडाही. दोन्ही एकदम साधत नाही.

पन्नाशी ओलांडलेल्यांच्या घरी टपालाने येणारं आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीचं पाकीट घ्या. आत हाताच्या बोटाएवढी प्लॅस्टिकची बाटली, झाकणालाच जोडलेली खाचांची काडी. शौचाचा कणभर नमुना काडीच्या खाचांत घ्यायचा, बाटली घट्ट बंद करायची, तारीख लिहायची आणि परत पोस्टात टाकायची. प्रयोगशाळेत शौचातलं रक्त मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. स्कॉटलंडने २०१७ मध्ये ही फिट चाचणी सुरू केली तेव्हा रेषा ८० वर ओढली. इंग्लंडने २०१९ मध्ये सुरू केली तेव्हा १२० वर. म्हणजे तेव्हा १०० आकडा आलेल्या माणसाला एडिनबरात कोलोनोस्कोपीचं बोलावणं, आणि लंडनमध्ये ‘पुढच्या तपासणीची गरज नाही’ असं पत्र. आतडी दोघांची सारखीच. फरक मुख्यतः कोलोनोस्कोपी करणारे हात किती उपलब्ध आहेत याचा होता. रेषा खाली आणली तर जास्त कर्करोग सापडतात, पण रांगही लांबते, आणि रांगेत लक्षणं असलेला रोगीही उभा असतो.

आपल्या घरोघरचं उदाहरण द्यायचं तर पुण्याहून आणलेल्या फायलीचं देईन. सुट्टीत गेलं की ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज घ्यायचं, ही आपली रीतच झाली आहे. त्या फायलीत एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ५.८ टक्के, शेजारी ठळक अक्षरांत ‘प्रीडायबेटिस’. कारण तिथल्या अनेक प्रयोगशाळा अमेरिकी रेषा छापतात, ५.७ ची. माणूस घाबरून इथल्या जीपीकडे जातो. इथे तोच आकडा ४० असा लिहितात, इथली रेषा ४२ वर, आणि जीपी म्हणतो, नॉर्मल आहे. विमानात बसताना प्रीडायबेटिक असलेला माणूस हीथ्रोला उतरेपर्यंत बरा झाला! खरं म्हणजे दोघंही खोटं बोलत नाहीत. ५.८ वाल्याने भात आणि बैठं काम थोडं कमी करावं हे दोन्हीकडे खरंच आहे.

त्या फायलीतली आणखी एक गोष्ट. नॉर्मलच्या मर्यादा बहुधा अशा आखतात की निरोगी माणसांतले ९५ टक्के त्यात बसावेत. म्हणजे दर चाचणीला शंभरातले पाच निरोगी लोक बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही एखादा तरी आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के होते. पॅकेजमध्ये साठ-सत्तर चाचण्या असतात. मग त्या एका आकड्यापायी सोनोग्राफी, सोनोग्राफीपायी सीटी, आणि घरच्यांची झोप जाते ती वेगळीच.

आधी कळलं म्हणून

आता सर्वांत अवघड मुद्दा. रोग लवकर सापडला म्हणजे माणूस वाचला, असं आपण गृहीत धरतो. २००७ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे इच्छुक रूडी जुलियानी प्रचारात म्हणाले, की प्रोस्टेट कर्करोगातून वाचण्याची त्यांची शक्यता अमेरिकेत ८२ टक्के होती, इंग्लंडात असते तर ४४ टक्केच. ऐकणाऱ्याला वाटलं, एनएचएस माणसं मारते. प्रत्यक्षात त्या रोगाने मरणाऱ्यांचं लोकसंख्येतलं प्रमाण दोन्ही देशांत जवळजवळ सारखं होतं.

मग हा फरक कुठून आला? एक माणूस चौऱ्याहत्तराव्या वर्षी प्रोस्टेट कर्करोगाने जाणार आहे असं धरा. त्रास होऊन एकाहत्तराव्या वर्षी निदान झालं तर निदानानंतर तो पाच वर्षं जगला नाही. पीएसए या रक्तचाचणीमुळे सहासष्टाव्या वर्षीच निदान झालं तर तो ‘पाच वर्षं जगलेल्यां’त मोजला जातो. मरण चौऱ्याहत्तरालाच आलं, फक्त घड्याळ आधी सुरू झालं. शिवाय पीएसएमुळे असेही कर्करोग सापडतात जे कधीच डोकं वर काढणार नव्हते. अशा अतिनिदान झालेल्यांना ‘बरे झालेले’ म्हणून यादीत धरलं की यश आपोआप फुगतं. म्हणून स्क्रीनिंगचा हिशेब निदानानंतर किती जगले यावर करायचा नसतो. बोलावलेल्या आणि न बोलावलेल्या गटांत त्या रोगाने एकूण किती मेले, यावर करायचा असतो.

ब्रिटनमध्ये असा हिशेब झाला. पन्नास ते एकोणसत्तर वयाच्या चार लाखांहून जास्त पुरुषांच्या कॅप अभ्यासात काहींना एकदा पीएसएसाठी बोलावलं. पंधरा वर्षांनी प्रोस्टेट कर्करोगाने मेलेल्यांचं प्रमाण बोलावलेल्यांत ०.६९ टक्के, न बोलावलेल्यांत ०.७८ टक्के. ‘मृत्यूंत दहाएक टक्के घट’ असंही हे सांगता येतं, ‘हजारात एक’ असंही. दोन्ही खरं आहे, पण पहिलं वाक्य जाहिरातीत शोभतं आणि दुसऱ्यावर निर्णय घेता येतो.

स्तनांच्या कर्करोगासाठी या देशात १९८८ पासून मॅमोग्राफी आहे. तिच्यावरून वाद पेटला तेव्हा मायकेल मारमट यांच्या समितीने २०१२ मध्ये हिशेब मांडला. पन्नाशीपासून वीस वर्षं दहा हजार बायकांना बोलावलं तर ४३ मृत्यू टळतात, आणि १२९ जणींना अशा कर्करोगाचे उपचार घ्यावे लागतात जो एरवी त्यांना कधी कळलाही नसता. समितीचा कौल स्क्रीनिंग चालू ठेवावं असाच होता, पण बायकांना हे दोन्ही आकडे सांगून. त्यानंतर पत्राबरोबर येणारी माहितीपत्रिका बदलली.

आणि दोन मोठे प्रयोग शेजारी ठेवून पाहा. ब्रिटनमध्ये उषा मेनन आणि इयन जेकब्स यांच्या नेतृत्वाखाली २००१ पासून दोन लाखांहून जास्त बायकांवर अंडाशयाच्या कर्करोगाच्या स्क्रीनिंगचा अभ्यास झाला. रक्ताची चाचणी आणि सोनोग्राफी वापरली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. रक्ताच्या चाचणीने कर्करोग खरोखरच लवकरच्या टप्प्यात जास्त सापडले. २०२१ मध्ये अंतिम निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत. चाचणी पास झाली आणि स्क्रीनिंग नापास.

दुसरा प्रयोग तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातला. मुंबईचं टाटा रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि संशोधक रंगस्वामी शंकरनारायणन यांनी मिळून १,३१,७४६ बायकांचे गावानुसार गट पाडले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एका गटाची एचपीव्ही या विषाणूसाठी चाचणी झाली, आयुष्यात फक्त एकदा. २००९ मध्ये निकाल छापला गेला: या गटात त्या कर्करोगाने ३४ मृत्यू, जवळजवळ तेवढ्याच मोठ्या न तपासलेल्या गटात ६४. तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला तपासणी का दिली नाही, यावर पुढे टीकाही झाली, आणि ती टाळण्यासारखी नव्हती. पण निकाल ठाम होता. कर्करोग होण्याआधीचा टप्पा तिथे सापडत होता आणि त्याच्यावर साधा उपचार हाताशी होता, म्हणून जीव वाचले. इंग्लंडमध्ये एचपीव्ही ही पहिल्या पायरीची चाचणी झाली ती २०१९ मध्ये.

मग करायचं काय?

हे सगळं ऐकून कोणी स्क्रीनिंगची पत्रं केराच्या टोपलीत टाकली तर माझं व्याख्यान वाया गेलं. दक्षिण आशियाई घरांतून आतड्याच्या आणि स्तनांच्या स्क्रीनिंगला प्रतिसाद आधीच कमी आहे. पत्र इंग्रजीत येतं, आईला वाचता येत नाही, मुलाला तो विषय आईशी काढायचा संकोच वाटतो, आणि पाकीट फ्रिजवर पडून राहतं. हा अडथळा तिच्याशी मराठीत बोलून दूर करण्याचं काम मराठी मंडळांसारख्या संस्थांचंच आहे. आणि हे सगळं लक्षणं नसलेल्यांसाठी आहे हे विसरू नका. गाठ लागली, शौचातून रक्त गेलं, तर गेल्या महिन्यातला निगेटिव्ह निकाल बाजूला ठेवून सरळ डॉक्टरकडे जा.

मी स्वतः काय करतो, हा प्रश्न नंतर चहाच्या वेळी येणारच, म्हणून आत्ताच सांगतो. आतड्याच्या तपासणीचं पाकीट आलं की मी त्याच आठवड्यात परत पाठवतो, कारण तिच्यामुळे मृत्यू कमी होतात याचा पुरावा आहे आणि त्रास नगण्य. पीएसए मी केलेली नाही. पीएसए वाढलेल्या चारांतल्या तिघांना कर्करोग नसतो, नॉर्मल आलेल्या सातांतल्या एकाला असू शकतो, आणि हजारात एकाच्या फायद्यासाठी मला तो जुगार नको वाटतो. माझ्या वडिलांना किंवा भावाला तो रोग झाला असता तर मी बहुधा उलट ठरवलं असतं, आणि तेही बरोबर असतं. कारण तेव्हा मी वेगळ्या वस्तीतला माणूस झालो असतो. पॅकेजवाल्यांना मात्र मी एकच विचारतो, की माझ्यासारख्या हजार जणांनी हे केलं तर किती वाचतात आणि किती जण उगाच हेलपाटे घालतात? दोन्ही आकडे देणाऱ्याशी पुढे बोलतो.